फोल्डर कुणाकुणाला दिसतो

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका बहुमजली इमारतीत आमच्या संस्थेचं कार्यालय आहे. जुने दिल्लीकर या रस्त्याला अजून कर्झन रोड म्हणतात. आम्हा मराठी माणसांना तो 2013 पासून नव्या महाराष्ट्र सदनामुळे ओळखीचा. संस्था शिष्यवृत्त्या देते, आणि गूगल ड्राइव्हवरच्या फोल्डरांच्या परवानग्या मी सांभाळते. ऐकायला काम किरकोळ वाटतं. पण त्या फोल्डरांत नंदुरबार-गडचिरोलीच्या मुलींची आधार कार्डं, तहसीलदारांच्या सहीचे उत्पन्नाचे दाखले, पासबुकाची पहिली पानं असतात. एखाद्या अर्जात वडील घर सोडून गेल्याचंही लिहिलेलं असतं. निवड समितीनं ते वाचायचं, दुसऱ्या कुणी नाही.

मागच्या निवडीच्या वेळी मी अर्जदारांचा तक्ता उघडला, तर वरच्या कोपऱ्यात ओळीनं रंगीत गोल दिसले, प्रत्येकात एकेका प्राण्याचं चित्र. नावानिशी न बोलावलेलं कुणी नुसत्या लिंकवरून आत आलं, की ड्राइव्ह त्याला असं निनावी प्राणी करून दाखवतो. पोटात गोळाच आला. एका परीक्षकांना फाइल उघडेना, म्हणून एका सहकाऱ्यानं घाईत 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय निवडला होता, आणि तोही सगळ्यात वरच्या फोल्डरला. वर दिलेली परवानगी आतल्या फोल्डरांत आपोआप उतरते, त्यामुळे अर्ज, दाखले, पासबुकं, सगळंच उघडं पडलं. लिंक पुढे कुठल्याशा व्हॉट्सॲप गटात गेली होती.

ती बंद करायला मिनिटभरही लागलं नाही. पण कुणी आधीच फाइल उतरवून घेतली असेल, तर त्याच्या फोनमधली प्रत परत आणायची सोय कुठेच नाही. म्हणून आम्ही एकेका घरी फोन केले. धडगावकडच्या एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, पासबुकाचा नंबर गेला का?" गेला असेल, असंच सांगावं लागलं. बँकेत जाऊन सांगून ठेवा, ओटीपी कुणी मागितला तर देऊ नका, हेही सांगितलं. ते शांतपणे "बरं" म्हणाले. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अशा माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे, पण त्या फोनपुढे मला कायदा आठवलाही नाही.

नंतर सगळी घडी बदलली. कागद कुणा एकाच्या खात्यातून काढून संस्थेच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवले. नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाच्या खाजगी जीमेलवर जुना फोल्डर अडकला होता, त्याची तर एकेक प्रत काढावी लागली. परवानगी आता माणसाला नाही, गटाला: समितीच्या गटात नाव असेपर्यंतच अर्ज दिसतात. वाचायचं, शेरा लिहायचा, एवढंच. उतरवणं, छापणं बंद.

खरा त्रास माणसांचा झाला. मुदत संपलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी फोल्डर दिसेना म्हणून फोन केला. "माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" मी म्हटलं, "काका, तुमच्यावर विश्वास आहेच. पण या मुलींनी कागद समितीला दिलेत, आणि तुम्ही आता समितीत नाही." त्यांना वाईट वाटलं, आणि ते मला समजतं. तरी परवानगी मी परत दिली नाही. परवानगी देताना सगळ्यांना आपण उदार वाटतो, काढताना कठोर. पण हिशोब करायचा तो देणाऱ्या-घेणाऱ्यांचा नव्हे, ज्यांचे कागद आहेत त्यांचा.

या वर्षीच्या अर्जातून पासबुकाची प्रत काढून टाकली आहे. निवड झाल्यावर, पैसे जमा करायच्या वेळीच ती मागवतो, आणि तो फोल्डर हिशेबनीस सोडून कुणाला दिसत नाही. मलाही नाही.