फाइलसकट विकणे आहे!

‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, फक्त जेन्युइन बायर्सनीच फोन करावा.’ सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती वाचायचं व्यसन असेल, तर हे वाक्य तुम्हाला पाठ असणार. त्यातलं ‘शोरूम कंडिशन’ किती सिरियसली घ्यायचं, तेही माहीत असणार. मध्यंतरी अशाच एका जाहिरातीवर माझं बोट थांबलं. फियाट पॅलिओ 1.6 जीटीएक्स, मॉडेल 2003, एमएच-12. आणि शेवटी एक साधी ओळ : ‘सर्व बिलांची फाइल सोबत मिळेल.’

ऑफिसमध्ये सांगितलं, तर अर्ध्या टीमने विचारलं, ‘पॅलिओ म्हणजे?’ उरलेल्यांनी विचारलं, ‘ॲव्हरेज किती देते?’

आता थोडा इतिहास. हॉट हॅच म्हणजे दिसायला भाजी आणायची गाडी, पण बॉनेटखाली भलताच मामला. ही फॅशन खऱ्या अर्थाने पसरवली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने, 1976 मध्ये. 1.6 लिटरचं इंजिन, 110 हॉर्सपॉवर. कंपनीने आधी 5,000 गाड्याच बनवायच्या ठरवल्या होत्या, खपल्या त्याच्या कितीतरी पट. तीच जीटीआय 2025 मध्ये भारतात आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती 53 लाखांच्या आसपास. म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी फक्त पोस्टर!

पण आपल्याकडेही एक गरिबांची जीटीआय होऊन गेली. 2001 मध्ये फियाटने पॅलिओ आणली, ती जिथे पद्मिनी बनायची त्याच कुर्ल्यात तयार व्हायची. जाहिरातीत साक्षात सचिन. त्याच्या नावाने एस-10 ही स्पेशल एडिशनसुद्धा निघाली. तेव्हा बहुतेक छोट्या गाड्या साठेक हॉर्सपॉवरवर संसार करत होत्या आणि ही 1.6 वाली तब्बल 100 घेऊन आली. लोकांनी कौतुक केलं, पेट्रोलचा हिशेब केला आणि दुसरी गाडी घेतली. त्यामुळे मुळात विकल्या गेल्या कमी, टिकल्या त्याहून कमी.

गाडी होती पुण्यात सहकारनगरला. मालक म्हणजे चिंचवडच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले काका. फोटोत गाडी छानच दिसत होती, पण फोटोत काय, सगळेच छान दिसतात. काकांनी चहाच्या आधी फाइल पुढे ठेवली. टायमिंग बेल्ट कधी बदलला, कूलंट कधी, क्लच प्लेट कधी, सगळं तारखेनुसार. सोबत एक डायरी. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल आणि किलोमीटरचा आकडा, सुबक अक्षरात. 2019 मध्ये फियाटच्या गाड्या भारतात विकणं बंद झाल्यावर काकांनी सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारात फेऱ्या मारल्या. जिथे गाडी जन्मली, तिथेच तिचं औषध!

मी दारांच्या खालच्या कडा बघितल्या, डिकीतलं कार्पेट उचलून पत्रा बघितला, रबराच्या बीडिंगखाली नवा रंग मारलाय का तेही बघितलं. गंज नाही, लपवाछपवी नाही. मग कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा ‘थड’ आवाज. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं आणि रस्त्यावर काय चाललंय ते थेट हातात कळलं. ना स्क्रीन, ना टचपॅड, ना दर मिनिटाला बीप-बीप करून शिकवणी घेणारी कुणी बाई. आमच्या कंपनीच्या पूल कारमध्ये मी रोज बसतो, पण गाडी ‘चालवली’ असं कित्येक दिवसांनी वाटलं.

आता रडगाणंही ऐका. शहरात ती पेट्रोल पिते, ढसाढसा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुने रबरी पाइप आणि गॅस्केट यांच्यावर लक्ष ठेवायला लागणार. वीस वर्षांवरच्या गाडीच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलची फी 2025 मध्ये 10,000 रुपये झाली. आणि गंमत म्हणजे सरकारच्या लेखी ‘विंटेज’ व्हायला पन्नास वर्षं लागतात. म्हणजे ही धड नवी नाही, धड विंटेजही नाही. मधल्या वयातल्या गाडीला ना लोन मिळतं, ना मान.

मग अशा गाडीत जीव का अडकतो? माझं उत्तर त्या फाइलमध्ये सापडलं. शोरूममधली गाडी चकाचक असते, त्यात कुणाचं काहीच कर्तृत्व नसतं. तेवीस वर्षांनंतर चकाचक असलेल्या गाडीमागे मात्र एक माणूस असतो, दर महिन्याला, न कंटाळता. आपण दोन वर्षांत फोन बदलतो, तीन वर्षांत नोकरी. एक गोष्ट इतकी वर्षं नीट सांभाळणं आपल्याला परग्रहावरचं वाटतं. म्हणूनच बहुतेक ती विकत घ्यावीशी वाटते.

‘मग विकताय का?’ मी विचारलंच. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही. मुलाला ऑटोमॅटिक हवी. एक डीलर माझ्यापेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होता. पण तो गाडी खोलून पार्ट विकणार होता, म्हणून काकांनी त्याला जिना दाखवला. मला म्हणाले, ‘चालवणार ना रे? नुसती धुऊनपुसून कव्हर घालून ठेवणार असशील तर नको. या गाड्या उभ्या राहिल्या की मरतात.’

माझी एका नव्या एसयूव्हीची बुकिंग झाली होती. सात वर्षांचा ईएमआय. आईने ती कॅन्सल केल्याचं ऐकून दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी विचारलं, ‘एसी तरी चालतो ना?’ चालतो, आणि तोही कडक!

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. दोन लाखांच्या आत व्यवहार मिटला. गेल्या रविवारी काकांना शेजारी बसवून घाटात चक्कर मारून आलो, आता महिन्यातून एकदा हे ठरलंय. फाइलमधलं पुढचं बिल माझ्या नावाचं असेल.

बाकी ॲव्हरेज विचारू नका.