पारखी

खो-खोत पैसा आहे, असं आमच्या पुलगावात कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण २०२२ साली अल्टिमेट खो-खो निघाली, ६ संघांनी खेळाडू निवडून घेतले आणि पहिल्या गटातल्याला म्हणे ५ लाख! तेव्हापासून शाळेच्या मैदानाकडेला उभे राहणारे आम्ही सगळे पारखी झालो. त्या लीगमध्ये वजिराला कुठल्याही दिशेला पळायची मुभा. तेव्हा प्रत्येक पळपुट्यात आम्हाला वजीर दिसतो. चौकात उकिडवं बसून, पाठीवर 'खो' पडेपर्यंत दम धरणारा दहावीतला पोरगा मात्र कुणाच्या हिशेबात नाही. त्याची आई विचारते, "ह्याले घेतीन का जी, भाऊ?" यावर उत्तर द्यायला एकही पारखी उठत नाही. आम्हाला कुणी खो दिलेलाच नसतो ना!