जिभेची जुनी आठवण

थंडी पडू लागली की आमच्या लष्करात गजकेची दुकाने गजबजतात. जयेंद्रगंजातील आमच्या घरी संक्रांतीच्या तिळगुळाशेजारी गजकेची ताटलीही असावयाची, हा पिढ्यांचा रिवाज. परंतु दादांना मधुमेह जडला आणि तीच ताटली कलहाचे कारण झाली. "दादा, एवढे शिकलेले तुम्ही, आणि जिभेवर ताबा नाही?" असे आम्ही वरचेवर ऐकवीत असू. दादा मुकाट्याने ऐकून घेत. पुढे त्यांच्या कोटाच्या खिशात पुडी सापडे. रक्तातील साखरेचे आकडेही ते लपवू लागले, तेव्हा मात्र आमच्या काळजात चर्र झाले.

दोष केवळ दादांचा होता काय? मानवाच्या दीर्घ इतिहासात गोड वस्तू म्हणजे पिकलेले फळ, क्वचित मध. जे ती आवडीने खात, ते टंचाईत तगण्याचा संभव अधिक. त्यांचेच आपण वंशज. बाराही महिने साखर हाताशी असणे ही अवघ्या काही पिढ्यांची गोष्ट. जीभ अजून जुन्याच काळात वावरते.

दुष्काळाला तोंड देण्यासाठी शरीर काटकसरी झाले असावे, ही कल्पना १९६२ मध्ये जेम्स नील यांनी मांडली. तिच्यावर आक्षेपही पुष्कळ आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही! गर्भातील टंचाईत चरबी राखणारे हे शरीर पुढे सुबत्तेत सापडले की मधुमेहाला वाट मिळते. आमचे दादाही दिसावयास सडपातळच.

हे जाणल्याने पथ्य सुटत नाही. उपदेशाचा सूर तेवढा बदलतो. आम्ही बोलणे सोडले आणि घर बदलले. ताटली नजरेआड गेली. गजक पाव किलोच येऊ लागली. रात्री जेवणानंतर आम्ही सारीच मंडळी अचलेश्वरापर्यंत फेरी मारून येऊ लागलो. काही महिन्यांनी दादा आपण होऊन आकडे सांगू लागले.

यंदा संक्रांतीस त्यांनी तिळगुळाचा एक लहानसा खडा तोंडात टाकला, तो सर्वांच्या देखत.