मारसलीसचं ऊन

खंडाळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बोरघाट, धुकं आणि चिक्की येते. आमचं खंडाळा ते नव्हे. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. इथं धुकं कमी आणि ऊन फार.

या खंडाळ्यातल्या आमच्या घरी, माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात, पेन्शनीच्या कागदांबरोबर एक पत्र होतं. त्या पत्रावर एका गावाचं नाव होतं, मार्सेलिस. आमच्या आजेसासूबाई त्याला ‘मारसलीस’ म्हणायच्या. फ्रान्सच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या काठावर वसलेलं हे शहर. तिकडची माणसं त्याचा उच्चार ‘मार्सेय’ असा करतात, हे मला सूनबाईंनी सांगितलं. गेल्या सप्टेंबरात ते शहर मी एक दिवस पाहून आले. त्या दिवसाची ही हकिकत.

पण आधी पत्राची सांगायला हवी. ह्यांचे आजोबा खडकीच्या सॅपर्स पलटणीत होते. १९१४ साली युद्ध पेटलं आणि सरकारनं हिंदी फौज बोटींवर चढवून फ्रान्सला धाडली. २६ सप्टेंबर १९१४ रोजी पहिल्या बोटी मार्सेलिसला लागल्या. तिथून आजोबांनी कुणाकडून तरी बाळबोध अक्षरात चार ओळी लिहवून घेतल्या. बोट फार लागली, पण सुखरूप पोचलो. लोकांनी रस्त्यात फुलं दिली, फळं दिली. इथलं ऊन आपल्यासारखंच आहे, काळजी नको. आणि शेवटी, परत येताना तुझ्यासाठी इथून काय आणू, ते कळव.

पत्र खंडाळ्याला पोचलं तेव्हा आजोबा नव्हते. २८ ऑक्टोबर १९१४ ला उत्तर फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावात सॅपर्सच्या दोन कंपन्यांची फार माणसं पडली, त्यांत ते गेले. आजी तेव्हा सतरा वर्षांच्या, आणि आमचे सासरे पोटात.

मी १९७५ साली लग्न होऊन या घरात आले. मॅट्रिक झालेली सून म्हणून पत्र वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आजींना अक्षरओळख नव्हती. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यातलं, १८३१ साली त्या तिथं जन्मल्या. पण त्यांनी लावलेला दिवा आमच्या आजींच्या दारापर्यंत पोचला नव्हता. दुपारी तांदूळ निवडताना आजी पत्र काढायच्या आणि म्हणायच्या, “वाच गं जरा.” मी वाचायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या. उन्हाची ओळ आली की मान हलवायच्या.

एकदा मात्र घात झाला. घरात पाहुणे यायचे होते, दळण गिरणीत पडलेलं, कडेवरचं पोर तापानं किरकिरत होतं. तेवढ्यात आजींनी पत्र पुढं केलं. मी म्हणाले, “आजी, किती वेळा तेच ते? तुम्हालाही पाठ आहे आणि मलाही.” आजी रागावल्या नाहीत. “ऱ्हाऊ दे बाई, तुझं काम कर,” एवढंच म्हणाल्या आणि कागदाची घडी घालून डब्यात ठेवून आल्या. त्यानंतर त्यांनी ते पत्र माझ्यापुढं पुन्हा कधी धरलं नाही. मलाही आपणहून विचारायचं सुचलं नाही. दुसऱ्या वर्षी त्या गेल्या. ही गोष्ट मी आजवर ह्यांनाही सांगितली नव्हती.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त ल्यों शहरात असतो. तिथून मार्सेलिसला आगगाडीनं पावणेदोन तास लागतात. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते नातवाजवळ थांबले. म्हणाले, “तूच जा. कागद तूच वाचलायस सगळ्यांत जास्त.” मला काय वाटलं असेल, ते मैत्रिणींना सांगायला नको. पत्राची झेरॉक्स पर्समध्ये घातली, दशम्या आणि लसणीची चटणी पिशवीत घेतली आणि सूनबाईंबरोबर निघाले.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोर दगडी जिना, एकशेचार पायऱ्यांचा. वरच्या पायरीवर उभं राहिलं की सबंध शहर खाली पसरलेलं दिसतं. तांबड्या कौलांची घरं, आणि पलीकडं उंच टेकडीवर एक देऊळ, त्याच्या माथ्यावर सोन्यासारखी चमकणारी मूर्ती. आणि ऊन! सकाळचे दहा वाजले होते, पण अंगणात वाळवण घालावं असं कोरडं, लख्ख ऊन. मी तिथंच थांबले. आजोबांनी खोटं लिहिलं नव्हतं.

साडीवर कॅनव्हासचे बूट घालायला मी आधी फार कुरकुरले होते. पण कुणी जाणार असेल तर सांगते, लाज सोडा आणि बूट घाला. शहर सगळं चढउताराचं आहे. शिवाय तिथं मिस्त्राल नावाचा उत्तरेकडचा वारा सुटतो, तो आला की पदर हातात राहत नाही. चार पिना जास्त लावाव्यात.

पायऱ्या उतरून बाजाररस्त्यानं सरळ खाली गेलं की जुनं बंदर लागतं. तीन बाजूंनी शहर आणि मध्ये शिडांच्या होड्यांनी भरलेलं पाणी. धक्क्यावर सकाळी मासळीबाजार भरतो. आम्हा घाटावरच्यांना मासळी म्हणजे वीर धरणाची. इथं तर लाल, रुपेरी, काळी, काटेरी, नाना तऱ्हेची मासळी टेबलांवर मांडलेली, काही अजून तडफडत होती. विकणाऱ्या बायकांचा आवाज मात्र ओळखीचा वाटला. भाषा कळली नाही, पण “घ्यायचं तर घ्या, उगीच हात लावू नका” हे न कळायला काय झालं?

बंदराशेजारीच आरशासारख्या चकचकीत पत्र्याचं एक मोठं छत आहे, २०१३ साली उभारलेलं. खाली उभं राहून वर पाहिलं की आपण उलटे लटकलेले दिसतो. मी आणि सूनबाई पोरींसारख्या हसलो.

या शहराच्या जन्माची गोष्ट सूनबाईंनी तिथंच सांगितली. सुमारे सव्वीसशे वर्षांपूर्वी ग्रीक दर्यावर्दी इथं उतरले. त्या दिवशी इथल्या राजाच्या मुलीचं, जिप्तिसचं, लग्न ठरायचं होतं. तिनं हातातला पेला ज्याला द्यावा, तो तिचा नवरा. तिनं आपल्यातल्या सगळ्यांना सोडून पेला दिला परक्या पाहुण्याला, प्रोतिसला. म्हणजे आपलं स्वयंवरच की! आख्यायिकाच ती, पण मला आवडली. आमच्या सूनबाईंनीही पेला स्वतःच दिलेला आहे, तेव्हा गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा जरा खुलला होता.

बंदरावरून उत्तरेकडच्या मोठ्या गोद्यांकडं नजर गेली आणि शाळेतला धडा आठवला. ८ जुलै १९१० रोजी याच मार्सेलिसला ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहून किनारा गाठला आणि तिथंच पकडले गेले. प्रकरण हेगच्या न्यायालयापर्यंत गेलं आणि १९११ साली निकाल इंग्रजांच्या बाजूनं लागला. लहानपणी ती उडी म्हणजे नुसता पराक्रम वाटायचा. तिथं उभं राहिल्यावर पाणी केवढं खोल आणि आपली माणसं केवढी लांब, हे पहिल्यांदा कळलं. त्यानंतर चारच वर्षांनी आमचे आजोबा त्याच इंग्रजांच्या बोटीतून याच बंदरात उतरले होते. एकाच बंदरात दोन तऱ्हांनी आलेली माणसं. कुणाला मोठं म्हणायचं आणि कुणाला विसरायचं, हे आपण ठरवायचं नसतं असं मला वाटतं.

साठ नंबरची बस त्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जाते. बसमध्ये मी सूनबाईंना विचारलं, “परतीची गाडी किती वाजता गं?” “सात वाजता, आई.”

ते देवळासारखं दिसणारं मेरीमातेचं चर्च, १८६४ सालचं. माथ्यावर बाळाला घेतलेली सोनेरी माता, अकरा मीटरहून उंच. गावकरी तिला ‘चांगली आई’ म्हणतात. आत गेले आणि वर पाहतच राहिले. छतापासून छोट्या छोट्या होड्या टांगलेल्या! वादळातून जीव वाचलेल्या खलाशांनी नवस फेडलेला. भिंतींवर आभाराच्या संगमरवरी पाट्या. आपल्याकडं मूल झालं की पाळणा बांधतात, मांढरदेवच्या काळूबाईला बोललेला नवस डोंगर चढून फेडतात, तसंच अगदी. ज्या बायकांची माणसं पाण्यावर गेली, त्या सगळ्या इथं चढून आल्या असतील. आमच्या आजी कुणाला बोलल्या असतील नवस? आणि तो फेडायची वेळच आली नाही.

बाहेर कट्ट्यावर दशम्या सोडल्या. सूनबाईंनी जवळच्या गाडीवरून एक पदार्थ आणला, ‘पानीस’. खाऊन पाहते तो काय, आपली पाटवडीच! हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात मीठ घालून घोटायचं, घट्ट झालं की साच्यात ओतून गार करायचं, चकत्या कापून तेलात खरपूस तळायच्या. तिखट-जिऱ्याचा मात्र पत्ता नाही, वरून मिरपूड तेवढी. मी त्याला लसणीची चटणी लावली. सूनबाई म्हणाली, “आता झालं पूर्ण.” मैत्रिणींनो, उरलेल्या पिठल्याचं दुसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न असेल, तर हे करून पाहा.

“गाडी किती वाजता म्हणालीस?” “सात वाजता, आई.”

दुपारी मेट्रो आणि मग बस धरून आम्ही माझार्ग नावाच्या भागात गेलो. तिथं युद्धात कामी आलेल्यांची दफनभूमी आहे. पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, मध्ये हिरवळ, गुलाब. मागच्या बाजूला हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, १९२५ साली उघडलेलं. ज्यांचं दहन झालं अशा दोनशे पाच हिंदी सैनिकांची आठवण तिथं जपली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इथं फुलं वाहून गेले, तेव्हा हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत आलं होतं.

आजोबांचं नाव इथं नाही, हे ठाऊक होतं. ज्यांची देहं सापडली नाहीत अशा चार हजार सातशेंहून अधिक हिंदी माणसांची नावं तिकडं उत्तरेला न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत, १९२७ सालच्या. मुलानं आजोबांचं नाव संगणकावर शोधून दाखवलं होतं. ते गाव इथून हजारेक किलोमीटर. पण मला इथंच यायचं होतं. तिथं ते मेले, इथं ते जिवंत होते. इथं त्यांना कुणी फूल दिलं, इथं त्यांना ऊन घरच्यासारखं वाटलं, आणि बायकोसाठी काय न्यावं असा विचार त्यांच्या मनात इथं आला.

मी स्मारकापुढं पिशवीतून आणलेली मूठभर ज्वारी ठेवली. दुसरं काय ठेवायचं, सुचलं नाही. सूनबाईंनी काही विचारलं नाही.

परत येताना बसमध्ये मी पुन्हा विचारलं, “गाडी चुकणार नाही ना? किती वाजता आहे?” आणि सूनबाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, “सात वाजता, आई. अजून भरपूर वेळ आहे.” माझ्या एकदम लक्षात आलं. सकाळपासून मी हाच प्रश्न चार-पाच वेळा विचारला होता. तिच्या आवाजात एकदाही कंटाळा आला नव्हता. मी खिडकीकडं तोंड फिरवलं.

बंदराजवळच्या गल्लीत साबणाचं दुकान होतं. इथला साबण जुना आणि नामांकित, १६८८ साली राजानं तो कसा करायचा याचा हुकूमच काढला होता. चौकोनी ठोकळा, त्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का. हिरवा ऑलिव्हच्या तेलाचा. वास साधा, धुतलेल्या कपड्यांसारखा. मी एक ठोकळा हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, “आई, तुमच्यासाठी इथून काय घेऊ या?”

मला बोलताच येईना. हाच प्रश्न त्या पत्राच्या शेवटी होता. आजींना कुणी त्याचं उत्तर विचारलं नाही. मी इतक्यांदा वाचलं, पण मीसुद्धा कधी म्हटलं नाही की आजी, तुम्ही काय मागितलं असतं? बांगड्या? साबण? की नुसतं ‘तुम्ही या’?

दोन साबण घेतले. एक मला, आणि एक त्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला.

मग बंदरावरच्या बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं, होड्यांची शिडं पिवळी झाली होती. सूनबाईंना मी सगळं सांगितलं. दळण, तापलेलं पोर, माझे शब्द, सगळं. ती म्हणाली नाही की जाऊ द्या, तुम्ही तेव्हा लहान होता. नुसती ऐकत राहिली. पर्समधून कागद काढला आणि मी पत्र मोठ्यानं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आजींना वाचून दाखवायची तसं, सावकाश. शेजारून जाणारी माणसं वळून पाहत होती. पाहू देत.

वाचून झालं. घडी घालायला लागले तर सूनबाईंनी हात धरला.

“आई, पुन्हा एकदा वाचा ना.”

गाडीला अजून वेळ होता. मी पुन्हा वाचलं.