वायूचा दगड होताना

भिंतीला दिलेला चुन्याचा हात वाळला की काम संपले, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात चुन्याचे खरे काम त्यानंतरही चालूच असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू तो सावकाश शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा कठीण होत जातो. जुन्या वाड्यांचे आणि किल्ल्यांचे चुन्यातील बांधकाम काळ लोटला तसे पक्के होत गेले, त्यामागे हेही एक कारण आहे. त्या काळच्या गवंड्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. चुन्याचा स्वभाव मात्र पुरता ठाऊक होता.

या स्वभावाचा उलगडा स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमुळे झाला. चुनखडी भाजली की तिच्यात बांधला गेलेला वायू सुटून जातो व मागे चुना उरतो. आज हा हिशेब नेमकेपणाने मांडता येतो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या चुन्याचा पुन्हा पूर्णपणे दगड व्हायचा, तर त्याला तेवढाच वायू परत घ्यावा लागतो. निसर्गाचा हा व्यवहार असा चोख आहे.

आधुनिक उद्योगांनी या व्यवहाराची एकच बाजू वाढवली. १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या १० लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. त्याच काळात कारखान्यांच्या मागे टाकाऊ पदार्थांचे डोंगर उभे राहिले. पोलादाच्या भट्टीतील धातुमळी, कोळशाची राख, बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा तांबडा चिखल, हे सारे त्यांत आले. यांपैकी अनेक पदार्थ अल्कधर्मी असतात. चुन्याप्रमाणे त्यांनाही कार्बन डायऑक्साइडची भूक असते.

खडकांची झीज होताना निसर्गातही हा वायू बांधला जातो. पण त्याला हजारो वर्षे लागतात. ही क्रिया माणसाने हाती घ्यावी, अशी कल्पना वॉल्टर सायफ्रिट्झ यांनी १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. धातुमळी बारीक दळून ओलसर केली आणि तिच्यातून धुराड्यातील वायू खेळवला, तर क्रियेचा वेग कितीतरी वाढतो. वायू घन खनिजात अडकतो आणि पुन्हा सहजी सुटत नाही. यालाच खनिज कार्बनीकरण म्हणतात.

तांबड्या चिखलाच्या बाबतीत तर हा प्रश्न माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका येथे अशा चिखलाच्या तलावाची भिंत फुटली. दाहक लोंढा गावांत शिरला, १० माणसे दगावली आणि शंभरावर माणसे जखमी झाली. आपल्याकडे झारखंडमधील मुरी येथेही एप्रिल २०१९ मध्ये या चिखलाचा ढिगारा खचला. हाच चिखल पश्चिम ऑस्ट्रेलियातील क्विनाना येथे २००७ पासून वेगळ्या रीतीने हाताळला गेला. शेजारच्या अमोनिया कारखान्यातील कार्बन डायऑक्साइड नळाने आणून त्यात मिसळला जाई. त्यामुळे चिखलाची दाहकता कमी होई आणि वायूही अडकून राही. एका कारखान्याचा त्याज्य वायू दुसऱ्याच्या त्याज्य चिखलावर उतारा ठरला. २०२४ मध्ये तेथील अ‍ॅल्युमिनाचे उत्पादनच थांबले. पण दोन उपद्रव एकमेकांना शमवू शकतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

तरीही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद तयार करताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या पोलादामागे शुद्धीकरणाच्या भट्टीतून निघणारी धातुमळी १५० किलो धरली आणि तिच्यात निम्मा चुना मानला, तरी तो चुना जास्तीत जास्त ६० किलोच्या आसपास वायू बांधू शकेल. शिवाय दळण्याला वीज लागते आणि वाहतुकीला इंधन लागते. कर्ज डोंगराएवढे आणि फेड ओंजळीएवढी, असे हे प्रमाण आहे. औषध सापडले म्हणून कुपथ्य चालू ठेवावे, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. मुळात वायू कमी सोडणे, हेच पथ्य आहे.

पण ओंजळभर फेडही फेडच असते. जे उद्योग आपल्या राखेचा आणि चिखलाचा भार शेजारच्या गावांवर टाकून मोकळे होत आले, त्यांना हे शास्त्र एक साधी गोष्ट सांगते: फेकून दिल्याने वस्तू नाहीशी होत नाही, तिची जबाबदारीही संपत नाही. कारखान्यातून काय बाहेर पडले, एवढेच मोजून भागणार नाही. बाहेर पडलेल्यातले किती परत घेतले, तेही त्याच वहीत लिहावे लागेल.