शेकाट्याचे पाय

बगळ्याचा फोटो काढणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी काढलेला नसतो. वाटतं मात्र खरंच सोपं. बिचारा एका पायावर उभा असतो. हलत नाही, बोलत नाही, लग्नातल्या पाहुण्यांसारखा ‘अहो, माझे डोळे मिटले, परत काढा’ असंही म्हणत नाही. पण आपण कॅमेरा डोळ्याला लावायचा अवकाश, तासभर समाधी लावून बसलेल्या त्या योग्याला पलीकडच्या काठावरचं काम आठवतं. काउंटरवर गिऱ्हाईक आलं की आमच्या एका सहकाऱ्याला चहा आठवतो, तसं.

मी बी.कॉम. आणि बँकेत क्लार्क. पंख असलेल्या गोष्टींशी माझा संबंध छताच्या पंख्यापुरता. पण चाळिशीनंतर माणसाला काहीतरी होतं. कुणी विपश्यनेला जातो, कुणी होमिओपॅथीला. मी भिगवणला जाऊ लागलो. पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे पसरलं. हिवाळ्यापासून ते जसजसं ओसरतं, तसतसा काठचा चिखल उघडा पडतो आणि पाण्यात पाय बुडवून पोट भरणाऱ्या मंडळींचं तिथे संमेलन भरतं. त्यासाठी मी एक लांबलचक भिंग घेतलं. त्याची किंमत सांगत नाही, कारण माझं लिखाण घरातही वाचलं जातं.

पहिला अभिप्राय घरातूनच मिळाला. “हा कागदाचा बोळा कशाला हो काढलात?” तो छोटा बगळा होता.

दुसरा अभिप्राय तळमजल्यावरच्या मास्तरांचा. मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. हातात भिंग घेऊन ते फोटो तपासतात आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं शेरा मारतात. आमच्याकडच्या ऑडिटरचे शेरे त्यापुढे प्रेमपत्रं वाटावीत. बोळ्याबद्दल त्यांनी लिहिलं, “पिसं कुठे आहेत?” मग समजावून सांगितलं की कॅमेऱ्याला सगळं जग सरासरी करडं हवं असतं. काळ्या पाण्यात एवढासा पांढरा बगळा दिसला, की काळ्याची भरपाई म्हणून तो सगळंच उजळून टाकतो आणि बगळ्याचं धोब्याकडून आलेलं धोतर होतं. तेव्हा उजेड एक घर उणे करायचा. उणे करणं हा तर आमचा पिढीजात धंदा! पुढच्या खेपेला पिसं आली. काळे पाय आणि खाली ती पिवळी बोटं, जणू कुणी हळदीच्या समारंभातून तडक पाण्यात उतरलंय, तीही आली.

पण खरी परीक्षा शेकाट्यानं घेतली. शेकाट्या म्हणजे मूठभर पक्षी आणि हातभर पाय. तेही लालगुलाबी. मध्यावर मागे वळणारा जो गुडघा दिसतो, तो मुळात गुडघाच नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला. (फुगवलेला ताळेबंद असाच असतो, पण ते असो.) मास्तर म्हणाले, “पाय कापलेत. शेकाट्याचे पाय कापले तर उरतो पारवा.”

“फ्रेममध्ये मावेनात हो.”

“मागे सरा.”

“मागे पाणी होतं, मास्तर.”

“पक्षी पाण्यातच उभा आहे ना? त्याचं काही बिघडलं?”

पुढल्या रविवारी पाय आले, तर म्हणे पाण्यातलं प्रतिबिंब कापलं. हे मात्र मला चटकन पटलं. वर नावे, खाली जमा. एकच बाजू दाखवून कुठली कीर्द पुरी होते? तिसऱ्यांदा म्हणाले, “हा उजवीकडे बघतोय आणि उजवीकडेच तुमची भिंत. बिचाऱ्यानं पाऊल टाकायचं कुठे?” चौथ्यांदा म्हणाले, “वरून काढलाय. गच्चीतून शेजाऱ्याकडे बघतात तसा.” तेव्हा मी चिखलात पालथा पडलो. डोळा त्याच्या डोळ्याच्या पातळीला आला. शर्ट कामातून गेला.

नावाडीमामांचं शिक्षण वेगळं. “वारं पाठीवर घ्या सायेब. पाखरू वाऱ्याकडं तोंड करून उठतंय, म्हंजी तुमच्याकडंच येतंय.” आमच्या गल्लीत दोन फोटोग्राफी क्लास आहेत, तिथे हे कुणी सांगत नाही.

रोहित पक्ष्यांच्या वेळी मात्र प्रकरण जरा अवघड झालं. थवाच्या थवा माना खाली, चोची उलट्या पाण्यात, चिखलगाळ गाळून खाणं चाललेलं. शेजारच्या नावेतली मंडळी ओरडली, “उडवा ना, उडवा!” नावेनं इंजिन फडफडवलं आणि शेकडो पंख एकदम उघडले. काळी किनार, आत गुलाबी जर. माझं बोट बटणावर होतंच. मामा एवढंच म्हणाले, “आत्ताशी चराय बसली व्हती.”

तो फोटो मास्तरांनी खूप वेळ पाहिला. “सुरेख,” म्हणाले. दोन वर्षांतलं पहिलं सुरेख! मग भिंग सरकवलं. “चोचींतून अजून पाणी गळतंय. ताटावरून उठवलंय कुणी यांना?”

“आम्ही नाही. शेजारच्या नावेनं.”

“त्यांची नाव फोटोत दिसत नाही. खाली नाव तुमचं येणार.”

मागे त्यांनी काहीच शेरा लिहिला नाही. मी तो पाकिटात घातला.

नेमकं त्याच महिन्यात शाखेत रंगकाम झालं आणि साहेबांना भिंतीवर काहीतरी हवं होतं. मी शेकाट्या दिला. साहेब म्हणाले, “उडत्या रोहितांचा आहे म्हणे एक? तो भारदस्त दिसेल.” मी म्हटलं, “आहे साहेब, पण ते खातं गोठवलंय.” बँकेत या उत्तरापुढे कुणी जात नाही.

आता शेकाट्या पासबुक भरायच्या काउंटरशेजारी लागलाय. पाय अख्खे, प्रतिबिंब अख्खं, तोंड काउंटरकडे आणि पुढे भरपूर जागा. पेन्शनच्या दिवशी रांगेतल्या एका आजींनी चष्मा वर करून त्याला नीट न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, “अरे, केव्हाचा उभा आहे बिचारा. घे की त्याचं आधी.”