दोषाचे धनी

मागल्या वर्षी आमच्या हातून एका विद्यार्थिनीची पुरवणी तपासायची राहून गेली. पुनर्मूल्यांकनात तिचे १४ गुण वाढले, नापास मुलगी उत्तीर्ण ठरली. पण तोवर पुढच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती.

विचारणा झाली तेव्हा आम्ही जे बोललो ते आठवले की अजूनही कानकोंडे व्हायला होते. पुरवणी सैल बांधली होती, मागे दुमडली गेली होती, गठ्ठे मोठे होते, खोलीतला पंखा बंद होता. यातले एकही विधान खोटे नव्हते. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर पुरवण्यांच्या रकान्यात ठळक '१' लिहिलेला होता, एवढे मात्र आम्ही सांगितले नाही.

त्याच दिवसांत आम्ही तिबेटी परंपरेतील 'लोजोंग', म्हणजे मनाला वळण लावण्याच्या शिकवणुकीविषयी वाचत होतो. शांतिदेवांच्या 'बोधिचर्यावतारा'शी तिचा धागा जुळतो, त्या वाटेने आम्ही तिथवर पोहोचलो. ही शिकवण तिबेटात नेली ती बंगालात जन्मलेल्या अतीश दीपंकरांनी (९८२–१०५४). तिच्यासाठी ते समुद्र ओलांडून सुवर्णद्वीपास, म्हणजे आजच्या सुमात्रास गेले, तेथील गुरूंजवळ १२ वर्षे राहिले, असे परंपरा सांगते. १०४२ च्या सुमारास ते तिबेटात पोहोचले, आणि बाराव्या शतकात चेकावा येशे दोर्जे यांनी तिची सात मुद्द्यांत मांडणी केली. सूत्रे अगदी छोटी. जेवताना, भांडताना आठवावीत अशी. अतीशांची एक कथाही सांगतात. तिबेटी माणसे फार सौम्य असतात असे ऐकून त्यांनी क्षमेचा सराव मोडू नये म्हणून एक तिरसट बंगाली सेवक सोबत नेला. तिथे गेल्यावर कळले की त्याला आणायची काही गरज नव्हती. (प्राध्यापक-कक्षात वर्षे काढलेल्यांना ही कथा विशेष आवडावी.)

त्यातील एका सूत्राचा आशय असा की, सगळ्या दोषांचा रोख एकाच ठिकाणी वळवावा. आम्ही घाईने अर्थ लावला, स्वतःवर. आणि दुसऱ्याच दिवशी परीक्षा विभागात जाऊन, चारचौघांदेखत, गठ्ठे लावणाऱ्या मामांना म्हणालो, "चूक तुमची नव्हती, आमची होती." बोलताना छाती किंचित फुगली होती, हे कबूल केले पाहिजे.

मामांनी दोऱ्याची गाठ पुरी केली. मग म्हणाले, "सर, हे परवा बोलला असतात तर बरं झालं असतं. काल माझ्याकडून लेखी खुलासा घेतला." आणि थोड्या वेळाने, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या आपल्या खुर्चीवर टेकत, "दोष अंगावर घ्यायचं आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही."

१९५७ साली प्रसिद्ध झालेला बाबासाहेबांचा बुद्धावरील ग्रंथ आम्ही वर्गात शिकवतो. दुःखाचा विचार माणसामाणसांतील व्यवहारापासून तोडता येत नाही, हे त्यातले सूत्र फळ्यावरही लिहितो. ते आम्हाला त्या खोलीत प्रथम ऐकू आले. ज्यांच्या माथी पिढ्यानपिढ्या दोष मारले गेले, त्यांना 'दोष स्वतःकडे घ्या' असे सांगणे ही साधना नव्हे, जुनाच अन्याय आहे. घरोघरच्या सुनांनाही ते कधी वेगळ्या शब्दांत सांगितलेले नाही.

घरी येऊन पुन्हा वाचले. भाष्यकार ज्या एका ठिकाणाकडे बोट दाखवतात ते ठिकाण म्हणजे माणूस नव्हे. स्वतःला जपण्याची, स्वतःलाच लाडकावून ठेवण्याची मनाची खोड आहे. पंखा मोजला तो तिनेच. चार साक्षीदार शोधले तेही तिनेच. चेकावांच्या यादीतले अगदी शेवटचे सूत्र वाहवेची अपेक्षा ठेवू नये अशा अर्थाचे आहे. यादी वाचताना आम्ही तिथवर पोहोचण्याआधीच उठून कार्यालयात गेलो होतो.

मग प्राचार्यांना पत्र लिहिले, त्यात तो '१' लिहिला. मामांचा खुलासा त्यांना परत मिळाला. मुलीचे वर्ष गेले ते गेलेच. तिला भेटलो तेव्हा सूत्रे, साधना यांतले काही बोललो नाही; पान पाहिले नाही, इतकेच सांगितले. ती ऐकून निघून गेली.

यंदा गठ्ठा टेबलावर ठेवताना मामा म्हणाले, "पहिलं पान बघा, सर."